नव्या गावठाणातली वेठ

पन्नासच्या दशकात मी चिंचवडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो आणि देहूरोडच्या अलीकडल्या एका खेड्यात भाड्याने राहत होतो. महायुद्धात लष्कराच्या कोठारांसाठी त्या गावाची निम्मी शेतं गेली होती. लढाई संपून वर्षं लोटली, तरी लष्कराला जागा कमीच पडत होती. आता गावठाणही उठायचं होतं. बदली म्हणून सरकारने ओढ्यापलीकडचा माळ दिला.

माळ मिळाला आणि गावात भांडण पेटलं. महारवाड्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गावकी करत आली होती: मेलेली ढोरं ओढायची, सांगावे न्यायचे, कुणी साहेब आला की सरपण फोडायचं, आणि बदल्यात शिळ्या भाकरी. ही वेठ नव्या गावात न्यायची की नाही? पाटील म्हणत, वहिवाट गावाबरोबरच जाते. माझे घरमालक खादी वापरणारे, चार बुकं शिकलेले. ते म्हणत, नव्या जमिनीवर वेठ नको. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

त्याच सुमारास वर्गात अमेरिकेचा इतिहास चालला होता. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेने मेक्सिकोशी लढून अफाट मुलूख घेतला. त्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाहीत, यावरून उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसले. पक्ष फुटले, पुढे देशच फुटायला आला. एका संध्याकाळी ओसरीवर मी हे घरमालकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी सभेत बोलायला म्हणून कागदावर टिपून घेतलं. एक गोष्ट मात्र मी वर्गातही गाळली होती आणि तिथेही गाळली. नव्या मुलखात गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना तिथे काळी माणसंच नको होती. ती जमीन त्यांना फक्त गोऱ्यांसाठी हवी होती. हे सांगितलं की गोष्टीची चव जाते, असं मला वाटे.

सभा देवळापुढे भरली. इतिवृत्त लिहायला मी होतो. महारवाड्यातले तिघे जण लांब उन्हात उभे होते. त्यातला एक माझ्याच वयाचा, कोठारात हमाली करणारा.

घरमालक रंगून बोलले. अमेरिका झाली, मेक्सिको झाला. मग शांतपणे म्हणाले, "नव्या गावात वेठ नाही. मग महारवाड्याला तिथं जागा देण्याचंही कारण उरत नाही. माळ आपल्याच लेकरांना पुरायचा आहे."

लोकांनी माना डोलावल्या. मग ढोरं कोण ओढणार, असं पाटलांनी विचारलं. तासभर हुज्जत चालली आणि तडजोड निघाली: लष्कर उठवील तोवर महारवाड्याने जुन्या जागीच राहायचं, बोलावलं की माळावर येऊन काम करायचं आणि परत जायचं. पाटील आणि घरमालक, दोघांनाही हवं ते मिळालं.

तेव्हा तो हमाल म्हणाला, "आमाला कुनी इचारनार हाय का न्हाई?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं आणि लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

आठवड्याने तो माझ्या शाळेत आला आणि मामलेदारांना अर्ज लिहून द्या म्हणाला. मी लिहिला. कचेरीत त्याला सांगण्यात आलं, की ठराव तर सर्वानुमते झालेला आहे, आता तक्रार कसली. हे सांगायला तो परत माझ्याकडे आला. रागावला नव्हता. नुसता निकाल कळवून गेला.

गाव माळावर गेलं. महारवाड्यातलं कुणीही कामाला गेलं नाही. भर उन्हाळ्यात पाटलांचा बैल मेला आणि गोठ्यात तीन दिवस फुगत पडला. दोन्ही तट एकमेकांना दोष देत बसले. शेवटी दोन्हीकडच्या माणसांनी नाकाला धोतराचे सोगे लावून तो ओढला, तेव्हासुद्धा मागचे पाय कुणी धरायचे यावरून मारामारी झाली. पुढे दोन्ही तटांची होळीही वेगवेगळी पेटू लागली, आणि ते भांडण तत्त्वाचं आहे, असं बाहेर सांगितलं जाई. महारवाड्यातली कुटुंबं देहूरोडला मजुरांच्या खोल्यांत राहायला गेली.

मी खोली सोडीन असं रोज म्हणत होतो. परीक्षा होईपर्यंत राहिलो, आणि घरमालकांच्याच पंगतीला जेवलो.