राडारोड्यातला दोरा

हास्कोवो शहराबाहेर पाडलेल्या इमारतींचा राडारोडा भरडून खडी करायचा कारखाना आहे. रुसांका तिथल्या पट्ट्यावर बारा वर्षं उभी होती. विटा, काँक्रीटचे तुकडे रबरी पट्ट्यावरून सरकत येतात. पुढच्या लोखंडी जबड्यात पडण्याआधी त्यातलं लाकूड, वायरी, चिंध्या हातानं वेचायच्या. पत्र्याची खोली, चार बायका, तोंडाला फडकं. धूळ एवढी, की थुंकी करडी पडते. एरवी बाई वर्षभरही टिकत नाही. ही टिकली, कारण हिला जाताच येत नव्हतं.

त्याचं असं झालं. ती काम मागायला आली तेव्हा त्याच खोलीचा पाया खणला जात होता. सकाळचं ऊन तिरपं होतं. पेन्को गवंडी तिच्या पाठीमागे वाकला, जमिनीवर दोरा ताणला, तोडला आणि मुठीत घेतला. झालं! आमच्याकडे जुने गवंडी जाणाऱ्या-येणाऱ्याची सावली दोऱ्यानं मापायचे आणि तो दोरा पायाच्या चरात गाडायचे, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. इमारत टिकते, माणूस चाळीस दिवसांत जातो.

शहाण्या माणसानं तिथल्या तिथं पेन्कोची मानगूट धरून विचारलं असतं. हिनं नाही विचारलं. विचारलं की ते खरं ठरेल, ही भीती. चाळीस दिवस जीव मुठीत धरून कामावर आली. एक्केचाळिसावा उजाडला तरी ठणठणीत! मग बाईनं आपल्या मनानंच अर्थ लावला: मी रोज इथं येते, सावलीजवळ असते, म्हणून वाचले. यायची थांबले की आटोपलं. तेव्हापासून रविवारीसुद्धा कारखान्याच्या फाटकाला हात लावून यायची.

नवरा केव्हाच गेलेला. एकुलती एक लेक मिग्लेना स्पेनमध्ये, आणि तिला तेव्हाच मुलगी झालेली.

"आई, ये ना गं. मी कामाला गेले की बाळाला कोण बघणार?"

"इथून सुटका नाही गं."

"त्या दगडांत काय सोनं निघतं का तुझ्या?"

खरं कारण सांगायची सोय नव्हती. लेक हसली असती, आणि ते हिला सोसलं नसतं.

यंदा मालकानं मोठं यंत्र आणलं. नवी शेड उभी राहिली, जुनी खोली पाडली, तिचा पाया उकरून शेडमधल्या नव्या पट्ट्यावर टाकला. दोरा जबड्यात गेला तर आपण गेलो, या धास्तीनं रुसांका दोन दिवस जेवायलाही हलली नाही. सुतळ्या निघाल्या, वायरी निघाल्या. दोरा काही निघाला नाही. तिच्या नजरेतून निसटला, की नव्हताच? तिसऱ्या दिवशी ती पेन्कोच्या अंगणात जाऊन उभी राहिली. म्हातारा द्राक्षाच्या मांडवाखाली पाव-चीज खात बसला होता.

"पेन्कोदादा, माझा दोरा कुठं गाडलात?"

"कसला दोरा?"

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं घास खाली ठेवला.

"अगं वेडाबाई, मी दाराचं माप घेत होतो. तू मधेच येऊन उभी राहिलीस. सावल्या गाडणारे माझ्या आज्याबरोबर संपले. त्यासाठी तू इतकी वर्षं तिथं..."

"छे हो! सहज विचारलं," ती म्हणाली आणि तोंड फिरवून निघाली. रस्ताभर तिला स्वतःचा इतका राग आला, की रडूही येईना.

घरी येऊन तिनं फोन लावला.

"मिग्लेना, मी येते. कायमची."



"आई, आता कशाला गं? पोरगी बारा वर्षांची झाली. स्वतःच कुलूप उघडून घरात येते. आजीशी बोल म्हटलं तर म्हणते, काय बोलू?" मग म्हणाली, "उन्हाळ्यात ये की. आठवडाभर राहा."

"बरं," रुसांका म्हणाली.

सोमवारी सकाळी सातला ती नव्या पट्ट्यावर उभी राहिली. दुसरीकडे कुठं जाणार होती?