काचेच्या खोलीतलं गिऱ्हाईक

दुकानात तिला सगळे मशीनताई म्हणायचे. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तरी तोंडी यायचं. तीन मजली शोरूमच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, कपडे धुण्याच्या मशीनांच्या दोन रांगा होत्या आणि वीसेक वर्षं त्या रांगांवर तिचं राज्य होतं. गिऱ्हाईक आलं की ती आधी किंमत सांगायची नाही. नवराबायको, सासूसुना, बापलेक, जे कुणी आलेले असतील त्यांच्याकडे नीट बघायची आणि सहज विचारल्यासारखं करायची, "घरात कपडे वाळत कोण घालतं?" मग बाकीचे ज्याच्याकडे बघतील त्याच्याशीच ती पुढचं सगळं बोलायची. उरलेल्यांना खुर्ची आणि गार पाणी. माणसाचे डोळे कुठे फिरतात, कुठल्या मशीनवर परत परत येतात, हे तिला अचूक दिसायचं, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या आधी तिला कळायचं की घरी कुठलं मशीन जाणार.

अशी बाई साहेबांनी उचलून काचेच्या खोलीत नेऊन बसवली.

साहेब म्हणजे शोरूमचे मॅनेजर. वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान, पूर्वी खालच्या मजल्यावर फोन विकायचे. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत. डोळे झाकून डोक्यावर घालायचे आणि आत भलतंच जग दाखवणारे ते नवे हेडसेट दुकानात आले तेव्हा साहेबांना झोप लागेना. दुसऱ्या मजल्यावरचे पंखे हलवून तिथे काचेची खोली केली. आत एक राखाडी सोफा, एक दिवा, एक कुंडी. खोलीत एकावेळी एकच गिऱ्हाईक आणि एकच विकणारा.

"ताई, हे तुम्हीच करू शकता," साहेब म्हणाले. "किंमत ऐकून माणूस दचकतो. त्याला सावरून घेणारं कुणीतरी पाहिजे."

किंमत दचकण्यासारखीच होती. तेवढ्या पैशांत चांगली स्कूटर आली असती आणि वर पेट्रोलही. पण एक जरी गेला तरी कमिशन मोठं होतं, आणि मशीनांपाशी उभं राहून तिचे गुडघे बोलायला लागले होते. इथे सोफा होता. ती हो म्हणाली.

शिकवायला कंपनीचा एक माणूस आला. दाढी अशी कोरलेली की पट्टी लावून आखल्यासारखी. त्याने आधी बोलायचं कसं तेच शिकवलं. याला चष्मा म्हणायचं नाही. खेळ म्हणायचं नाही. टोपी तर नाहीच नाही.

"मग म्हणायचं काय?" तिने विचारलं.

"अनुभव."

"आणि गिऱ्हाइकाला घरी काय देणार? खोक्यात भरून अनुभव?"

ती मनापासून विचारत होती, पण मागे उभी असलेली पंखे विकणारी मुलं फिस्सकन हसली आणि कंपनीच्या माणसाच्या मनातून ती तिथेच उतरली.

मात्र तिने स्वतः तो हेडसेट डोक्यावर चढवला तेव्हा तीही हरखली. आधी समोर खोली जशीच्या तशी दिसत होती, कुंडीसुद्धा. मग भिंत विरघळावी तशी गेली आणि तिथे गवत, धुकं आणि धुक्यातून येणारी एक हत्तीण आणि तिचं पिल्लू. पिल्लू चालत चालत इतकं जवळ आलं की तिने चटकन दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. हेडसेट काढल्यावर तिचे डोळे भरलेले होते. हे तर हातोहात जाणार, असं तिला वाटलं. पुढचा सगळा वैताग या एका गोष्टीतून निघाला. वस्तू टाकाऊ असती तर ती पहिल्याच आठवड्यात हात झटकून मोकळी झाली असती.

सुरुवातीला झुंबड उडाली. लोक वेळ ठरवून येत, दाराबाहेर ताटकळत. एकेकाला आत घ्यायचं, पट्टा मोकळा करायचा, नाकावर नीट बसवायचं, उजेड येत नाही ना विचारायचं, हात कसा हलवायचा ते दाखवायचं. ज्याला चष्मा आहे त्याच्यासाठी वेगळी भिंगं शोधायची. मग पंधरावीस मिनिटं तो माणूस आत आणि ही बाहेर. माणूस सोफ्यावर बसून हवेत बोटं चिमटत असायचा, हसायचा, दचकायचा, एखादा हात पुढे करून काहीतरी कुरवाळायचा. तो काय बघतोय ते तिला टेबलावरच्या पडद्यावर दिसायचं. त्याचे डोळे मात्र दिसायचे नाहीत. ते काळ्या काचेमागे. वीस वर्षं जिच्या जोरावर विकलं ती वाटच बंद.

मग हेडसेट निघायचा. कपाळावर लाल वळ, केस चपटे, तोंडावर हसू.

"वा!" गिऱ्हाईक म्हणायचं. "कमाल आहे! विश्वासच बसत नाही!"

"मग? पॅक करायला सांगू?"

आणि इथे दरवेळी एकच प्रश्न यायचा. कधी तोंडाने, कधी नुसत्या चेहऱ्याने.

"छानच आहे हो. पण घरी याचं करायचं काय?"

कपड्यांच्या मशीनबद्दल हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. सिनेमा बघा, ती सांगायची. भिंतीएवढा दिसतो. टीव्ही आहे की, लोक म्हणायचे. ऑफिसचं काम करा. लॅपटॉप आहे. लांबच्या नातेवाइकांशी बोला. फोन आहे. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर मान चोळत स्पष्टच सांगितलं, "मी दिवसभर वाकून काम करते. घरी जाऊन आणखी डोक्यावर ओझं कशाला घेऊ?" एक गृहस्थ चार वेळा येऊन गेले. आधी बायकोला घेऊन, मग मेव्हण्याला, मग शेजाऱ्यांना, आणि शेवटी पाहुण्यांना. फुकटचा हत्ती दाखवायला. जाताना दरवेळी म्हणायचे, "तुमचा स्वभाव फार छान आहे हं ताई." तिला वाटायचं, स्वभाव घाला चुलीत, एक खोकं उचला.

साहेब रोज संध्याकाळी काचेवर टकटक करायचे. "किती?"

"बघून गेले पुष्कळ."

"ते नाही विचारलं."

एकदा ते वैतागून म्हणाले, "लोक आत बसून रडतात ताई, मी बघितलंय. रडणाऱ्या माणसाला विकता येत नाही? मशीन बघून कुणी रडत होतं का?"

हे तिला फार लागलं.  घरी करायचं काय, हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे, असं तिच्या मनात आलं. म्हणून तिने साहेबांच्या मागे लागून दाखवायचा हेडसेट सुट्टीच्या दिवसापुरता घरी नेला.

घर दोन खोल्यांचं. नवरा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, मुलगी कॉलेजात, सासूबाईंना कमी ऐकू यायचं. सकाळी तिने हेडसेट घालूनच स्वयंपाकाला सुरुवात केली. भांड्याच्या वर हवेत घड्याळ लावता येतं, कृती समोर तरंगत ठेवता येते, असं ती गिऱ्हाइकांना सांगत असे. घड्याळ लागलं खरं. पण झाकण काढताच वाफ उठली आणि सगळं धूसर झालं. पुसायला काढला, परत घातला, तोवर भाजी खालून लागली. सासूबाई दारात उभ्या राहून काहीतरी विचारत होत्या. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

"अगं, तू आहेस का आत?" सासूबाई ओरडल्या. "मला कसं कळायचं तू माझ्याकडे बघतेस का भिंतीकडे?"

ऐकू कमी येत असल्याने त्या बोलणाऱ्याचा चेहरा बघून अर्थ लावायच्या. आज अर्धा चेहराच गायब होता. त्या फणकाऱ्याने आत गेल्या.

दुपारी मुलीने तासभर घेतला, चक्कर आली म्हणून काढून ठेवला. मग नवऱ्याने एक विनोदी सिनेमा लावला. तो सोफ्यावर एकटाच खो-खो हसत होता आणि या तिघी त्याच्याकडे बघत होत्या, बसमध्ये स्वतःशी बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तशा. सिनेमा अर्धा झाला तेव्हा त्याने हेडसेट काढून मांडीवर ठेवला.

"काय झालं? आवडला नाही?"

"आवडला की. एवढा मोठा पडदा थेटरातही नसतो." त्याने कपाळ चोळलं. "पण हसताना कोपर कुणाला मारायचं?"

खरंच होतं. गेली कित्येक वर्षं विनोद आला की त्याचं कोपर तिच्या बरगडीत बसायचं आणि ती करवादायची. उरलेला सिनेमा त्यांनी जुन्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून बघितला. हेडसेट तोवर खोक्यात गेला होता. तिला उत्तर मिळालं होतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि मग फर्निचरवाला आला.

हा माणूस स्वयंपाकघरातले ओटे, कपाटं, फळ्या करून द्यायचा. हाताला प्लायवूडचा वास, खिशात मोजपट्टी. हत्ती बघून तो वा म्हणाला नाही. त्याने विचारलं, "यात माझं कपाट दिसेल का?"

त्याचं दुखणं असं होतं की लोकांना कागदावरचं कळत नाही. चित्र बघून हो म्हणतात, आणि सगळं ठोकून झालं की म्हणतात, आम्हाला वाटलं नव्हतं कपाट एवढं पुढे येईल. मग उपटा आणि पुन्हा बसवा. रिकाम्या खोलीत उभं राहून गिऱ्हाइकाला आधीच सगळं दिसलं तर?

मशीनताई सोफ्यावरून उठलीच. किती दिवसांनी कुणाला तरी याची खरोखर गरज होती! तिने त्याला दोनदा परत बोलावलं, कंपनीच्या माणसाला फोन करकरून ओटे आणि कपाटं दाखवणारा प्रोग्राम मिळवला, काचेच्या खोलीतच एक खोटं स्वयंपाकघर उभं केलं. फर्निचरवाल्याने हवेतलं कपाट उघडून बघितलं आणि पहिल्यांदा हसला.

"घेतो," तो म्हणाला. "पण ताई, नाही जमलं तर?"

"पंधरवड्याच्या आत परत आणा. खाली काउंटरवरच्या पाटीवर लिहिलंय. माझा शब्द."

त्या दिवशी साहेबांनी सगळ्या मजल्याला आइस्क्रीम वाटलं.

पंधरवडा संपायच्या आत तो खोकं काखेत घेऊन दारात उभा होता. तिला बघूनच कळलं.

"बसा," ती म्हणाली. "काय झालं?"

"चालतं छान. लोक वेडे होतात बघून. बायका तर हवेतल्या ओट्यावर हात टेकायला जातात. एक आजोबा पडता पडता वाचले." त्याने खोकं सोफ्यावर ठेवलं. "प्रत्येकाच्या डोक्यावर बसवायला अर्धा तास जातो. मग नवऱ्याला बघायचं, मग पोरांना. सगळे म्हणतात, वा! आणि म्हणतात, विचार करून कळवतो. पूर्वी निदान कपाटावर भांडायचे तरी. आता कपाटाचं कुणी बोलतच नाही, या डबड्याचंच बोलतात."

तिने खोकं जवळ ओढलं. तिचं दुखणं आता त्याच्या घरी पोचलं होतं.

साहेब मात्र खोकं परत घ्यायला तयार होईनात. डोक्याला लागलेली वस्तू, आतली मऊ गादी मळलेली, कोपऱ्याला ओरखडा. "पाटी फोन आणि मशीनांसाठी आहे," ते म्हणाले.

"पाटीवर तसं लिहिलेलं नाही साहेब. आणि मी शब्द दिलाय."

"दुकान तुमच्या शब्दावर चालतं का?"

"पहिला मजला वीस वर्षं चालला," ती म्हणाली. आवाज चढला होता, गिऱ्हाइकं वळून बघायला लागली होती. साहेबांनी दात खाऊन सही केली. फर्निचरवाला जाताना हात जोडून गेला.

दोन दिवसांत कंपनीचा दाढीवाला हजर झाला. साहेबांच्या केबिनमध्ये तिला बोलावलं. योग्य गिऱ्हाईक निवडलं जात नाही, त्याने सुरू केलं. अनुभवाची मांडणी कमी पडते. ताईंची जुनी सवय, वस्तू विकण्याची.

मग मात्र तिचा बांध फुटला.

"मांडणीचं काय घेऊन बसलात? मी स्वतः रडले होते तो हत्ती बघून. वस्तू वाईट नाही हो, चांगली आहे. इतकी चांगली की माणसाचं एकदा बघून पोट भरतं! रोज कोण बघणार? हलकं करा, स्वस्त करा, घरातल्या चौघांना एकदम बघता येईल असं करा. आणि तोवर विकायचा हट्ट सोडा, तिकीट लावा. वीस मिनिटांचं तिकीट. रांग लागेल खालपर्यंत."

दाढीवाला हसला. साहेबही हसले, जरा उशिरा. "ताई, आपलं शोरूम आहे. सर्कस नाही."

ती केबिनमधून बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. पहिल्या मजल्यावर परत पाठवा, असा तिने अर्ज दिला. तिथे आता दुसरी मुलगी होती आणि ती बरी विकत होती. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. काचेची खोली ओस पडली. दिवसदिवस ती कापडाने काच पुसत बसायची आणि खालून कपड्यांच्या मशीनचा भाव करणाऱ्यांचे आवाज ऐकायची.

असेच काही महिने गेले आणि वरून हुकूम आला. सगळ्या शोरूममध्ये हेडसेट बघायला तिकीट लावायचं. दाराशी पाटी लागली, रांगेसाठी दोरी आली, एकाचे तीन सोफे झाले. पहिल्याच सुट्टीला रांग जिन्यापर्यंत गेली. लोक वाढदिवसाला येऊ लागले, मुलं आजीआजोबांना घेऊन येऊ लागली. बघून व्हायचं, वा म्हणायचं, घरी जायचं. आता कुणी विचारत नव्हतं की याचं करायचं काय. वर कळवलेल्या या कल्पनेबद्दल साहेबांचा मुख्य कार्यालयात सत्कार झाला. फोटोत शेजारी दाढीवाला होता.

तिकिटावर कमिशन नव्हतं. मशीनताई सकाळपासून डोकी मोजायची, पट्टे सोडायची, आवळायची, कपाळाची गादी पुसायची. बसायलाही मिळत नव्हतं, सोफ्यावर गिऱ्हाइकं असायची.

जेवताना नवरा म्हणाला, "पण शेवटी चाललं ना गं ते? तू म्हणालीस तसंच."

"चाललं की," ती म्हणाली. "त्यांचं चाललं."

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि बसा म्हणायची वाट न बघता बसली. "एक तर तिकिटात वाटा द्या, नाहीतर माझी मशीनं परत द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. थोडे ओशाळलेही. "तुमच्यासारखं लोकांना बसवणारं दुसरं कोण आहे ताई? तुम्ही गेलात तर खोली बंद पडेल."

"मग वाटा द्या."

"वर विचारतो."

"कधी?"

"विचारतो म्हटलं ना."

बाहेर दोरीपाशी पहिलं कुटुंब येऊन उभं होतं. त्यातल्या छोटीने काचेला नाक लावलं होतं. मशीनताई उठली, कापड घेतलं आणि काच पुसायला गेली. त्याला आता बरेच दिवस झाले. साहेब अजून वर विचारतायत.