गॅरंटी वेगळी, वॉरंटी वेगळी

आमचे दाजी शेषेराव यांचं हिमायतनगरला पंखे, मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान. गॅरंटी आणि वॉरंटी यांतला फरक ऐकल्याशिवाय तिथून आजवर कुणाची सुटका झालेली नाही. "गॅरंटी म्हंजे बदलून भेटणार. वॉरंटी म्हंजे दुरुस्त करून भेटणार. आधी कोणती हाय ते सांगा, मंग रडा." भूकंपाच्या साली फळीवरून पडलेला रेडिओ घेऊन एक म्हातारी आली, तर तिलाही त्यांनी हाच धडा दिला. नंतर रेडिओ फुकट दुरुस्त करून दिला, ते सोडा.

हातातली वॉरंटी वाया घालवायची नाही, हे दाजींचं तत्त्व. मुदत संपायला आठ दिवस उरले, की चांगला चालणारा कूलरही ते कंपनीकडे धाडायचे. भर मे महिन्यात माझ्या बहिणीला उकडून काढलं, पण वॉरंटी वसूल केली.

त्यांची मुलगी सृष्टी लातूरला माझ्या घरी राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. क्लासच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'यशाची गॅरंटी!' दोन वर्षं झाली, दोन्हीदा मार्क कमी पडले. आता पुरे, घरी येते, बी.एस्सी. करते, असं तिनं फोनवर रडून सांगितलं. दाजी तडक लातूरला आले आणि आम्हा मामा-भाचीला घेऊन क्लासचे मालक राघवेंद्र सर यांच्यापुढे जाऊन बसले.

"गॅरंटी लिव्हली हाय तुम्ही. मंग बदलून द्या."

"काय बदलून देऊ? मुलगी?" सर हसले.

दाजींनी खुर्ची पुढे ओढली. "तेच म्हणून राहिलो. बदलून देता येत न्हाई, म्हंजे ही गॅरंटी न्हाई. वॉरंटी हाय. दुरुस्ती फुकट. लिहून द्या."

अर्धा तास हुज्जत चालली. मिक्सरच्या कंपन्यांना जेरीस आणलेला हा माणूस, सर किती टिकणार? शेवटी त्यांनी लेटरहेडवर सही-शिक्का करून दिला: तिसरं वर्ष संपूर्ण मोफत.

दाजींनी फुंकर मारून शिक्का वाळवला आणि लढाई जिंकल्यासारखे सृष्टीकडे वळले. ती ओढणीचं टोक पिळत खाली बघत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला दाजींचा असा राग आला, की तो कागद हिसकावून फाडावा.

दाजींनी तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि सरांकडे सरकवला.

"ऱ्हाऊ द्या, सर."

"अहो, फुकट आहे! घ्या की!" आता सरच गळ घालू लागले.

"हाव. पर दुरुस्तीला टाकायला काहीतरी बिघडलेलं लागतं. माझ्या पोरीचं काय बिघडलंय?" दाजी उठले. "चल बाई, घरला."

आम्ही चपला शोधेपर्यंत सृष्टी जिना उतरून रस्त्यावर पोचली होती.