शारजातली भवानी

परदेशात धंदा करायला गेलेल्या पोरांना व्हिसा नडतो, भाषा नडते, तिथला भागीदार नडतो. नाशिकच्या भांडीबाजारातल्या रंगनाथ तांबटांचा मनोज हे सगळं पार करून २००१ साली शारजात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान टाकून बसला. त्याला नडली भवानी.

सकाळचं पहिलं, भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, ते म्हणेल त्या भावात माल द्यायचा, हे मनोज दुधाच्या दातांबरोबर शिकला होता. भांडीबाजारात याचा गैरफायदा कोणी घेत नाही, कारण उद्या प्रत्येकाला आपलंही शटर उघडायचं असतं. शारजातल्या गुल खान नावाच्या पठाण ट्रक ड्रायव्हरला अशी काही अडचण नव्हती. मनोजनं भोळेपणानं त्याला ही रीत समजावून सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून खानसाहेब शटर उघडायच्या आधीच पायरीवर हजर. रोज एखादं दणदणीत पातेलं चहाच्या भावात ट्रकमध्ये चढू लागलं.

इकडे रंगनाथशेठनी मनोज निघतानाच त्याला बजावलं होतं, दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर मुकाट्यानं परत येऊन आपल्या गादीवर बसायचं. मनोजनं फोन लावला.

"अण्णा, भवानीची रीत बंद करू का?"

"दारात आलेली लक्ष्मी घालवतोस?"

"लक्ष्मी नाही अण्णा, खान आहे. दाढी आहे त्याला."

मनोजच्या आईनं, वत्सलाबाईंनी मध्येच रिसीव्हर ओढला. "अहो, मग तुम्हीच व्हा की मनोजचं पहिलं गिऱ्हाईक. नाहीतरी पहाटेपासून उठून मलाच पिडता."

रंगनाथशेठना आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं लगेच पटलं. ठरलं असं की रोज शटर उघडायच्या वेळी नाशिकहून दोन रिंग द्यायच्या. दोन रिंग म्हणजे अण्णांनी एक पितळी चमचा घेतला. फोन उचलायचा नाही, म्हणजे बिल नाही. भवानी उधारीवर होत नाही, म्हणून मनोज निघताना अण्णांनी त्याच्या हातावर ठेवलेल्या पैशांतलं एक नाणं गल्ल्यात टाकायचं.

दुसऱ्या दिवशी खाननं हंडा उचलला. मनोजनं पूर्ण भाव सांगितला.

"और भवानी?"

"हो गयी. अब्बाने की. नाशिकसे."

खाननं काउंटरखाली वाकून पाहिलं. मनोजनं फोनकडे बोट दाखवलं. सगळा प्रकार कळल्यावर खान इतका हसला की उपड्या घंगाळावर बसला.

"तेरा बाप मेरे से पहले उठता है. ऐसे आदमी से क्या झगडा."

त्यानं पूर्ण पैसे मोजले. वर कबूल केलं की त्या पातेल्यांतलं गोश्त खाऊन त्याच्या वस्तीतले सगळे ड्रायव्हर दुकानाचा पत्ता विचारत होते, आणि भाव वाढेल म्हणून तोच लपवत होता. त्या आठवड्यात तो त्यांना ट्रक भरून घेऊन आला. दिवाळीला मनोजनं परतीच्या तिकिटाऐवजी नाशिकहून नवा माल मागवला.

पुढे तो घरी आला तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा चमचेच जास्त होते.

"घरात माणसं दोन," वत्सलाबाई म्हणाल्या, "एवढ्या चमच्यांनी काय खाऊ?"

रंगनाथशेठनी त्यातला एक उचलला, अंगठ्यानं घासला, उजेडात धरला.

"माल हलका आहे," ते म्हणाले. "भाव जास्त लावलास मला."