शेंड्यांचा धूर
लिंबागणेशच्या देवळामागं फुटलेल्या नारळांच्या शेंड्यांचा ढीग जाळतात. तो ओलसर, गोडसर धूर नाकात गेला की मला पॅसिफिक समुद्रातल्या एका बेटाची राजधानी आठवते. म्हणायची राजधानी, पण आपल्या नेकनूरच्या बाजारापेक्षा जराशीच मोठी. कंपनीनं मला तिथं सोलर पॅनल बसवायला पाठवलं होतं. रविवारी तिथं दुकान उघडत नाही, विमानही उडत नाही, कायदाच तसा आहे. अशाच एका रविवारी दुपारी चुलत्याचा फोन आला. वडील रात्री गेले होते. "कवा पोचतूस?" चुलत्यानं विचारलं. सोमवारी निघालो तरी बुधवार उजाडणार होता. "उन्हाळा हाय बाळा. गल्लीत कुणी चूल पेटवली न्हाई, लेकरं उपाशी हायत. पर तू थोरला. तुझ्या तोंडून आल्याबिगर आमी उचलणार न्हाई." तेवढ्यात घरमालकीण दारात आली. अंगणातल्या खड्ड्यात शेंड्या पेटवून शिजवलेलं रविवारचं जेवण तिनं माझ्या हातात दिलं आणि हसून खा म्हणाली. एका हातात वाफाळतं ताट, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणालो, "उचला." आता मी गावीच असतो. कुणाकडं मयत झाली की लवकर जातो, पडेल ते काम करतो. फक्त उचलायची वेळ झाली की तेवढं दुसऱ्या कुणीतरी म्हणावं म्हणून चपला शोधत बसतो.