फिल्ड म्हणजे रान

माझ्या माहेरी, म्हसवडकडं, रान हा एक शब्द पुरायचा. पाऊस झाला तर बाजरीचं रान, नाही झाला तर नुसतं रान. आष्ट्याजवळच्या गावात मला दिली, तेव्हा कळलं की इथं बरेच शब्द आहेत. विहिरीखालचा तो मळा. ओढ्याकडेचा लांबट तुकडा ती पट्टी. उसाच्या एकेका तुकड्याला डाग म्हणत, आणि साऱ्या गावाचं मिळून शिवार. शेत हा शब्द मी चौथीच्या पुस्तकात वाचला होता, पण सासरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. जमीन हा शब्द निघाला की समजायचं, भाऊबंद ओट्यावर जमलेत आणि आता आवाज चढणार.

मी एकदा मळ्याला माळ म्हणाले. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं की आमची सून मळा ओसाड करायला निघाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुळात मी कमी बोलायची, त्या दिवसापासून आणखी कमी.

फिल्ड हा शब्द मात्र ह्यांनी आणला. हे पलटणीत होते. चीनच्या लढाईनंतर पहिल्यांदा रजेवर आले, तेव्हा मी धीर करून विचारलं की मला तिकडं कधी नेणार. म्हणाले, मी फिल्डमध्ये आहे, तिथं बायका नेता येत नाहीत. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तेही जुने फौजी. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी मान हलवली.

नणंद आठवीपर्यंत शिकलेली होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "फिल्ड म्हंजी रानच की, वैनी." मला त्यात बरं वाटलं. मी रानात आणि हेही रानात. ऊस खुरपताना वाटायचं, तिकडंही असाच वारा सुटला असेल, बांधाला झाड असेल, त्याखाली हे भाकरी सोडत असतील. पुढच्या रजेला पुन्हा विचारलं. अजून फिल्डमध्येच. त्याच्या पुढच्या रजेला तर मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

मग एका साली हळद शिजवायच्या दिवसांत दोन-तीन कोसांवरच्या वाडीची एक बाई आमच्या मळ्यात आली. ह्यांच्याच पलटणीतल्या हवालदाराची बायको. भावाच्या लग्नाला माहेरी आली होती. काहिलीखाली मामंजी जाळ घालत होते, मी वरनं हळदीचा पाला झाकत होते. तिनं माझ्या हातात मिठाईचा पुडा दिला आणि वाकून पाया पडायला लागली. मी मागं सरले. माझ्यापेक्षा ती मोठीच होती.

म्हणाली, "आवं, तुमच्यामुळं मला घर मिळालं. क्वार्टरचा नंबर तुमच्या मालकांचा लागलेला. त्यांनी आमच्या ह्यांना दिला. म्हणाले, आमच्या घरी लय रान हाय, तिचा पाय रानातनं निघत न्हाई."

मी एवढंच म्हणाले की ते तर फिल्डमध्ये आहेत.

"आता कुठलं फिल्ड?" ती हसली. "फिल्ड सुटून दोन दिवाळ्या झाल्या. आता पीस हाय की."

पीस म्हणजे मला पोलक्याचा पीस माहीत होता. वाटलं, लग्नात कुणी पीस दिला त्याचं काही सांगते आहे. मी उगाच तिच्या पोलक्याकडं बघितलं. मग तिनंच सांगितलं. लढाईच्या मुलखात असलं की फिल्ड, तिथं बायकापोरं नाहीत. नंतर पलटण खाली छावणीत येते, त्याला पीस म्हणतात, तिथं बिऱ्हाड करता येतं. फौजेतल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, असंही म्हणाली.

प्रत्येकाला म्हटल्यावर मी मामंजींकडं बघितलं. त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते, बोलायची रीतच नव्हती. ते जाळ सारत राहिले. जाळ चांगला लागला होता, सारायची काही गरज नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, फिल्ड म्हंजी काय हो?"

"रान," त्या म्हणाल्या. मग पिठाचा हात न थांबवता म्हणाल्या, "आन तू गेलीस तर हळद कोण काढंल? मी का?"

त्यांनाही माहीत होतं. नणंद तेवढी खरं बोलली होती, पण तिला पुस्तकातलंच माहीत. बाकी सगळे त्या एका शब्दाच्या आड उभे होते, आणि त्यांच्यासमोर मी बांधावरच्या झाडाच्या गोष्टी मनात रचत होते. मला वाईट त्याचं वाटलं.

हे रजेवर आले, तेव्हा गोठ्यात गाठून विचारलं. आधी म्हणाले, आबांनीच, म्हणजे मामंजींनी, तसं सांगायला लावलं. मग म्हणाले, "तिथं बायका फडाफडा बोलत्यात. सायबाची बाई आली की चार शब्द बोलाय लागतंय. तू कोपऱ्यात बसशील शेळीवानी. माझं हसं हुईल."

मी म्हणाले, "मग तसं सांगायचं. फिल्डमधी हाय म्हणून का सांगितलं?"

त्यांनी दावं सोडलं आणि म्हैस पाण्यावर नेली. पण त्या रजेनंतर त्यांनी पुन्हा नंबर लावला आणि वर्षाच्या आत मला नेलं. सासूबाई निरोप द्यायला दारात आल्या नाहीत.

छावणीत पोचले त्याच सकाळी क्वार्टरच्या ओळीतल्या बायका गोळा झाल्या. ती हवालदारीणही होती. सगळ्यांना मी आधीपासून माहीत होते, रानवाली म्हणून. एकीनं विचारलं, "एवढं रान कुणावर सोडून आलात?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते खाली वाकून बुटाची दोरी बांधत होते. दोरी बांधून झाली होती तरी वाकलेलेच होते.

"दिरावर," मी म्हणाले. "त्यांनीच म्हटलं, वैनी, तुमी जावा, मी बघतो."

बायकांना बरं वाटलं. चांगला दीर मिळाला, म्हणाल्या. हे उठले, डोक्यावर टोपी घातली आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

मला दीर नाही. नणंद सोडली तर हे एकटेच. पण त्या ओळीत राहिलो तोवर मला तो दीर सांभाळावा लागला. त्याच्या नावानं मी ऊस तोडला, विहीर खोल केली, शेवटी त्याचं लग्नही केलं. त्या लग्नाला पंगतीत काय काय वाढलं होतं, ते मात्र ह्यांनी हवालदाराला स्वतः सांगितलं, माझ्यासमोर, न अडखळता.