परक्या शेतातला पैरा

निपाणीच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली तेव्हा आई खिडकीशी उभी राहून माझ्याशी नाही, कंडक्टरशी बोलत होती. "आमच्या दिवाणजींची पोरगी हाय. नीट उतरवा." एमएस्सी झालेली मी, दोन दिवसांनी अमेरिकेच्या विमानात बसणार होते, आणि मला पुण्यात उतरवायला कंडक्टर! लाजेनं मान खाली घातली. कंडक्टरनं मात्र लगेच विचारलं, "वखारीतल्या दिवाणजींची व्हय?" बाबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आमच्या गावात नाव नंतर विचारतात, आधी 'कुणाची गं तू?' आई म्हणायची, "वाटेत दिसंल त्याच्याशी बोलावं, म्हंजे आपण कुणाचं ते त्याला कळतंय."

मैत्रिणींनो, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी शिकताना आपण चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो तेव्हा या वाक्याला तुम्ही किती हसायचात! पुढे तुम्ही वेस्ट विंडसर आणि ॲन आर्बरसारखी आपल्या माणसांनी भरलेली गावं गाठलीत. मला नोकरी मिळाली ती नॉर्थ कॅरोलायनातल्या एका एवढ्याशा गावात, रताळ्यांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. "रताळी? म्हंजे तुला रोजच एकादशी," आई फोनवर म्हणाली.

गाव मुळात तंबाखूचं. मेन स्ट्रीटला लाल विटांच्या लांबलचक वखारी आहेत, एकेकाळी तिथं हंगामात लिलाव चालायचे. लिलाववाला गाणं म्हटल्यासारखा भाव पुकारत पुढे जायचा आणि खरेदीदार त्याच्यामागून चालायचे. आमच्याकडे हेच काम रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून व्हायचं, तोंडातून शब्द न काढता. आता लिलाव बंद झाले. एका वखारीत जिम आहे, एकीत लग्नं लागतात, बाकीच्यांवर वेल चढलेत. बऱ्याच शेतांत रताळी आणि सोयाबीन आलं. तरी पावसाळी हवा पडली की त्या विटांमधून तोच वास येतो, बाबांच्या सदऱ्याला यायचा तो. पहिल्यांदा आला तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

वास ओळखीचा, पण माणसं अनोळखी. मी भित्री आहे, लपवत नाही. माझं भाड्याचं घर गावाबाहेर, आणि रस्त्यापलीकडे मिस्टर हॉलिस नावाच्या एका म्हाताऱ्याचं तंबाखूचं शेत. शेताच्या तोंडाशी पाटी होती: आत शिराल तर गोळी घालू. इथं अशा पाट्या गमतीनंही लावतात, असं ऑफिसमधले म्हणाले. पण चुकून भलत्याच दाराची बेल वाजवली म्हणून गोळी खाल्लेल्यांच्या बातम्या मीही वाचते. त्यामुळे दूधही अंधार पडायच्या आत आणायचं, कुणाच्या ड्राइव्हवेत गाडी वळवायची नाही आणि पार्सल चुकून शेजारी गेलं तर ते गेलंच म्हणायचं. मिस्टर हॉलिसना मी फक्त पिकअपमधून जाताना बघायची, आणि पडदा ओढायची.

बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई आली. सुनेच्या नव्हे, लेकीच्या घरी, तेही एवढ्या लांब. भावकीत कुजबुज झालीच. आईनं माझी भीती एका दिवसात ओळखली आणि तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. सकाळी पोर्चवर चहा घेऊन बसायची आणि समोरचं शेत बघायची. तंबाखूला गुलाबी फुलं आली होती.

"या माणसानं शेंडं खुडल्यालं न्हाईत," ती रोज म्हणायची. "फुलं ठेवली की पान हलकं पडतंय. घरात कुणी आजारी हाय का बघ तरी."

"आई, इथं सगळं मशीननं करतात," मी म्हणायची. खरं तर मला काही ठाऊक नव्हतं. आणि विचारायला जायची माझी छाती नव्हती.

एका सकाळी उठले तर पोर्चवर कप होता, आई नव्हती. बाथरूम बघितलं, मागचं अंगण बघितलं. मग समोर लक्ष गेलं. पुरुषभर उंच तंबाखूत कुणी दिसत नव्हतं. फक्त एका ओळीतले गुलाबी शेंडे एकेक करून नाहीसे होत होते. आई पैऱ्याला गेली होती. आमच्याकडे कुणाचं काम अडलं तर शेजारची बाई न बोलावता त्याच्या शेतात शिरते आणि कामाला लागते. पुढे कधीतरी तोही येतो. त्याला पैरा म्हणतात. त्यात विचारायचं काय?

मी स्लीपर घालून रस्ता ओलांडला, आणि मिस्टर हॉलिस दिसले. शेताच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, हातात बंदूक, नळी जमिनीकडे. त्यांना माणूस दिसतच नव्हतं, नुसती झाडं हलताना दिसत होती. ते काहीतरी ओरडले. आईला इंग्रजी येत नाही आणि एका कानानं ऐकूही कमी येतं. झाडं हलतच राहिली. नळी थोडी वर आली.

मी ओरडले, तेही मराठीतच: "आई, खाली बस!" त्यांनी झटकन माझ्याकडे वळून बघितलं. मी दोन्ही हात वर केले.

"हू शी बिलाँग टू?" ते ओरडले. म्हणजे, ही कुणाची?

अमेरिकेत मला पहिल्यांदा कुणी हा प्रश्न विचारला, आणि तो माझ्याबद्दल नव्हता. "टू मी! माझी आई आहे ती!" मी किंचाळले.

तेवढ्यात आई ओळीतून बाहेर आली. साडीचा ओचा फुलांनी भरलेला, हात तंबाखूच्या चिकानं काळे. बंदूक बघून जराशी थबकली, मग मिस्टर हॉलिसना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "सांग त्यांस्नी, राहिल्याल्या ओळी उद्या करतो."

मिस्टर हॉलिसनी बंदूक पिकअपच्या सीटवर ठेवली. बायको हॉस्पिटलमध्ये होती, म्हणून शेंडे राहिले होते, असं ते मला सांगत राहिले, जणू न विचारता शेतात आम्ही नव्हे, तेच शिरले होते. मग सीटमागून शिकारीला घालायचं भडक नारिंगी जाकीट काढून माझ्या हातात दिलं. "मला दिसेल असं काहीतरी घालायला सांग तिला, मॅम. प्लीज."

उरलेल्या ओळी आईनं नऊवारीवर ते जाकीट घालून संपवल्या. मी पोर्चवर बसून होते, नजर न हटवता. रात्री तिच्या हातांना साबण लावून देताना मी तिच्यावर खूप चिडले, खूप रडले. "अगं, पण काम अडलं होतं की न्हाई त्यांचं?" एवढंच ती म्हणाली.

आई निपाणीला परत गेली. जाकीट दाराशी, गाडीच्या किल्लीशेजारी टांगलेलं आहे. फिरायला जाताना मी ते घालते.

मागच्या महिन्यात एका सकाळी माझ्या अंगणात इंजिनाचा आवाज आला. फोन हातात घेऊन पडद्याआड उभी राहिले, आणीबाणीचा नंबर दाबून ठेवलेला, फक्त कॉल करायचं बाकी. इंजिन बंद झालं. आणि अंगणाच्या पार टोकावरून, पाऊल पुढे न टाकता, दोन्ही हात दिसतील असे धरून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "मी आहे, मॅम! हॉलिस! गवत वाढलं होतं तुमचं, कापून देतोय!"

आईला फोनवर सांगितलं तर ती खूश. "मग फिटला पैरा. आता गावच झालं की ते तुझं."

झालंय, आई. निपाणीत मी कुणाची हे विचारायला माणसं जवळ यायची. माझ्या या गावात आम्ही एकमेकांच्या मदतीला येतो, पण येताना लांबूनच आपलं नाव ओरडतो.